चालून दाखवायच्या दिवशी

आबा, आज ग्राउंडवर मुलींची निवड होती. एका पोरीचा बाप कुंपणापाशी उभा राहून सारखा ओरडत होता. शिरूरच्या या कॉलेजात खेळ शिकवणारी बाई मी, त्याला गप्प करायचं काम माझंच. केलं नाही. घरी आले आणि सरळ तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली ते मोजणं मी केव्हाच सोडलंय.

दौंडचं ते रेल्वेचं क्वार्टर आठवतं? सत्तरच्या दशकातले दिवस. तुम्ही गँगमन, रूळ तपासत रोज मैलोन्मैल पायी. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आणि डोक्यात पळायचं खूळ. तुम्ही ड्युटीला निघालात की मी मागोमाग, यार्डाबाहेरच्या बंद पडलेल्या रुळावर, आडव्या लाकडी स्लीपरांवरून पळायचे. थोड्याच दिवसांत कॉलेजातल्या खेळाच्या सरांनी मला ग्राउंडवर थांबवलं. "अगं, खाली बघत काय पळतेस? काही हरवलंय का? आणि एवढी आखूड पावलं?" दोन स्लीपरांमधलं अंतर माझ्या पायांत बसलं होतं हो! तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पोट धरून हसलात. "माजं तरी काय येगळं हाय? बाजारातबी मी तसाच चालतो, तुजी आई चिडती." दुसऱ्या दिवसापासून मला भीमेच्या वाळूत पळायला नेऊ लागलात. पाऊल लांब पडायला लागलं, पण खाली बघायची खोड काही जाईना.

तेवढ्यात आत्यानं निमोण्याचं स्थळ आणलं. पाहुणे येणार रविवारी सकाळी, आणि निवडीची शर्यतही नेमकी तेव्हाच. पहिल्या दोघी पुढच्या स्पर्धेला पुण्याला जाणार होत्या. आत्या आदल्या दिवशीच येऊन बसली. "पोरीच्या जातीला कसलं आलंय पळणं? आन् लगीन ठरलं की कॉलेज बंदच हाय." ती खोटं बोलत नव्हती. तुम्ही बशीतला चहा फुंकत म्हणालात, "तू जा. पावन्यांचं मी बघतो." काय बघणार, ते विचारायचा धीर मला झाला नाही.

रविवार. मी रेघेवर उभी आहे, अनवाणी, ओढणी कमरेला गच्च बांधलेली. आणि फाटकातून कोण येतंय? पुढे निळ्या डगल्यातले तुम्ही, मागे मुलगा, त्याचा पटकेवाला बाप, आणि तोंडाला पदर लावलेली आत्या. झालं, मला न्यायला आले! रडूच फुटायचं बाकी होतं. खरा प्रकार आत्यानं नंतर सांगितला. पोहे खाऊन झाल्यावर पाहुणे म्हणाले होते, पोरीला बोलवा, चार पावलं चालून दाखवू दे, पायात काही खोट नाही ना ते कळेल. तुम्ही उठून टोपी घातलीत. "चालताना कशाला? पळतानाच बघा की. चला ग्राउंडावर."

शिट्टी झाली. मी आपली मान खाली घालून पळतेय, पुढे तिघी. शेवटच्या वळणावर तुमचा आवाज आला, "वर बघ! अगं, माज्याकडं बघ की!" बघितलं, आणि पाय सुटले. दुसरी आले.

पटकेवाले म्हणाले, "पाय चांगलं हायेत, पर आमच्यात येवढं पळायचं काम न्हाई." तुम्ही हात जोडलेत. "मंग ऱ्हाऊ द्या. तिला पुण्याला जायचंय." अहाहा, आबा! आत्या किती दिवस आपल्याशी बोलली नाही, पण माझं कॉलेज काही बंद झालं नाही. आज मी जे काही आहे ते तिथूनच सुरू झालं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. पोरगी पुण्याला जायचं म्हणून जिवाच्या आकांतानं पळाली, असं तुम्ही सगळ्या गँगला सांगत सुटला होतात. कसलं पुणं आणि कसलं काय! मला तुम्ही घरी न्याल म्हणून मी तुमच्यापासून लांब पळत होते. वर बघितल्यावर तुमचं तोंड दिसलं, तिथून पुढं मात्र तुमच्याकडं पळत आले.