आरशातलं घड्याळ

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला गेला. तुझ्या चिरंजीवांचे पुढचे दोन्ही दात पडल्याचं कळलं, हसतानाचा फोटो पाठव.

दुकान विकण्यासाठी तुला हवा तो दाखला मिळणार नाही. मनाच्या आजारांच्या चाचण्या घेण्यात माझी हयात गेली, तेव्हा ताई चुटकीसरशी 'बाबांना काही कळत नाही' असं लिहून देईल, हा तुझा हिशेब. घरच्या माणसाची चाचणी आम्ही घेत नाही. माझ्या सहकाऱ्याने घेतली. या चाचणीत घड्याळाचं चित्र काढायला लावतात. बाबा बावरले होते, म्हणून तो प्रेमाने म्हणाला, तुमच्या दुकानातलंच काढा. बाबांनी बाराच्या डावीकडे एक, दोन, तीन लिहिलं. त्याने शून्य गुण दिले आणि पडलेल्या चेहऱ्याने कागद मला दाखवला. मी खो खो हसत सुटले.

दुकानातलं घड्याळ मागच्या भिंतीवर, विसरलास? केस कापताना हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, नजर समोरच्या आरशात. उभा जन्म बाबांनी वेळ आरशातच पाहिली. सहकारी स्वतः दुकानातल्या खुर्चीत बसून खात्री करून आला आणि त्याने ते शून्य खोडलं.

इथेच थांबणार होते. पण लपवून काय करू? सांगितलेले शब्द थोड्या वेळाने विचारले, तर बाबांना एकही आठवला नाही. परत येताना त्यांनी मला विचारलं, "तुझी आई मागे राहिली का गं?" आई जाऊन इतकी वर्षं झाली; मला रस्त्यातच रडू फुटलं. आजार सुरू झालाय, धाकट्या. अहवालात तसं लिहिलंय.

पण दुकानाचं काय करायचं असं विचारल्यावर ते काय म्हणाले, तेही लिहिलंय. "वस्तरा मी आपणहून बाजूला ठेवला. कात्री अजून चालते. कुलूप लावायची वेळ आली की मीच लावीन." आपलं भलंबुरं याहून नीट तुला तरी सांगता येतं का? दुकान त्यांचं आहे, निर्णयही त्यांचाच.

रविवारी दुकान घेणाऱ्या माणसाला घेऊन येतोयस म्हणे. त्याला वाटेतूनच परत पाठव. तू मात्र ये. मी खुर्चीत बसलेली असेन, बाबा माझे केस कापत असतील. तुझेही वाढलेत. माझ्यानंतर तू बस.

आरशातून दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी ताई