बांधावर घरटी एक माणूस

तात्या, तुमचा दमा कसा आहे? तिकडे तरी आडवं पडता येतं ना? आईचे गुडघे? आणि काका? तो आता तुमच्या शेजारीच असेल. त्याचा खांदा ठणकायचा, तो थांबला का? की तुम्ही अजून त्याच्याशी बोलतच नाही? इकडे मी बरा. रोह्यात लेकीपाशी आहे, दोन वेळचं गरम खातो, कवळी नवीन आहे.

लेक अमेरिकेहून कायमची परत आली. तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं तेव्हा मीच पेढे वाटले होते. त्याच दिवशी तिचं इकडचं नागरिकत्व गेलं, हे पेढे खाताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता ती इथे कमावते, इथे कर भरते, तरी दरवर्षी अमेरिकेला कळवते: काय मिळवलं, कुठल्या बँकेत ठेवलं. इथे भरलेला कर तिकडे वजा होतो, त्यामुळे खिशाला फारशी चाट नाही. पण हजेरी सुटत नाही. ती वैतागते, आणि मला तुम्ही आठवता. उधाणाने खाडीच्या बांधाला खांड पडून खारं पाणी शेतात घुसलं की तुम्ही दारोदार ओरडत सुटायचात, "घरटी एक माणूस! मेला असला तर त्याचा पोरगा!"

काका तेव्हा रोह्याला कंपनीत, शेजारच्या अष्टमी गावात खोली घेऊन राहायचा. शिफ्ट सुटेना म्हणून त्याने आपल्या जागी एक गडी पाठवला. गडी कमरेइतक्या चिखलात उभा, आणि तुम्ही त्याला हाताला धरून बाहेर काढलंत. "सांग त्याला, हात भाड्याचे तर शेतावर नाव पण नाय." मग काकाच्या वाट्याचा शेताचा तुकडा तुम्ही आपल्या नावावर करून घेतलात. काकी वाट्याचं भात मागायला दारात आली, तेव्हा आपण जेवत होतो. "कंपनीत शिजवत नाय काय गो? तिथं जा," म्हणालात, आणि आमटी वाढून घेतलीत.

यंदा पुन्हा खांड पडली. मला आता चिखलात उतरवत नाही. लेक म्हणाली, "मी जाते." पँट दुमडून उतरली आणि गड्यांच्या बरोबरीने चिखलाच्या ढेपा वाहिल्या. काकाचा मुलगा कंपनीतून निवृत्त होऊन गावी आलाय. बांधाचं आता तोच बघतो. तिला पाणी दिलं आणि हसत म्हणाला, "बाय, काम झ्याक केलंस. पण तुझं नाव नाय लागायचं. तू अमेरिकेची, बाहेरच्याचे हात बांधाला चालत नाय. नियम तुझ्या आजोबाचा हाय, माझा नाय."

जमीन तिच्या नावावर करावी म्हणून पेणच्या वकिलाकडे गेलो. तो म्हणाला, परदेशी नागरिकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसही देता येत नाही. वारशाने मात्र मिळते. लेक जिन्यातच थांबली. "म्हणजे बाबा, मी तुमच्या मरणाची वाट बघायची?"

"फार नाही बघावी लागणार," मी म्हटलं. ती हसली नाही.

तिकडचं सोडून इकडचं नागरिकत्व पुन्हा मागता येतं. पण तिचा मुलगा तिकडे आहे. मग त्याला भेटायलाही परवानगी मागत उभं राहायचं. "दोन्हीकडे हजेरी देईन," ती म्हणाली, "पण पोराच्या दारात उपरी नाही होणार. आणि तुम्ही गेल्यावर मिळणारा चिखल मला नको. ज्याचा आहे त्याला द्या." बांधावरच्या त्या दिवसाचे तिचे बूट अजून दारात आहेत, चिखल वाळून खडखडीत झालाय. धूत नाही, टाकतही नाही.

मग दिला. काकाचा तुकडा आणि तुमचाही, सगळा काकाच्या मुलाच्या नावावर केला. तो माझे पाय धरून रडला. "दादा, तात्यांचा आत्मा थंड झाला असंल." मी मान हलवली. गावात म्हणतात, माझं मन मोठं.

तात्या, हे पत्र टाकायला कुठे पेटी नाही, म्हणून खरं लिहितो. मन वगैरे काही मोठं नाही. सही करताना तुमचं तोंड कसं झालं असतं, तेवढंच डोळ्यांपुढे होतं, आणि फार बरं वाटलं. काकाला ही बातमी तुम्हीच सांगा. तो काय म्हणाला, ते लवकर लिहून कळवा.