भाऊसाहेबांच्या कांद्याची सावड

बेलापूर, २ एप्रिल २०२५

ती. मनकर्णाआत्यास,
गोरक्षचा सा. न. वि. वि.

माझा फोन लागत नाही म्हणून तू बाबांवर ओरडलीस म्हणे. मोबाईल मी रागात पाटात फेकला. आता पत्राशिवाय इलाज नाही.

झालं असं, की चौकात चारचौघांसमोर हर्षल म्हणाला, गोरक्षकडं ना रान राहिलं ना डिग्री, आणि स्वप्नं आमच्या रोहिणीची! माझा हात सुटला. संध्याकाळी रोहिणीचा मेसेज आला, माझ्या भावाला मारणाऱ्यानं मला तोंड दाखवू नये. आत्या, तिच्याशिवाय मला काही सुचत नाही.

पंधरा तारखेला शिर्डीला चाललोय, हॉटेलात कामाला. इथं राहिलंय काय? आपल्या मळ्याचे प्लॉट झाले, तुझ्या जांभळीच्या जागी पाण्याची टाकी आली. रोहिणीच्या वडिलांचा, भाऊसाहेबांचा कांदा मजुरांची टोळी मिळेना म्हणून जमिनीतच आहे. आभाळ भरून येतंय आणि गाव नुसतं बघतंय.

या तापट भाच्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझा, गोरक्ष

काष्टी, ७ एप्रिल

चि. गोरक्षला अनेक आशीर्वाद.

शिर्डीला खुशाल जा, पण गाव नुसतं बघतंय म्हणतोस, त्यात तूही आलास की रे बाबा!

आपली आणि भाऊसाहेबांच्या घरची सावड होती. आज आपण त्यांच्या रानात, उद्या ते आपल्या. दिवसाला दिवस फेडायचा. तुझे आजोबा आणि भाऊसाहेबांचे वडील बांधावरून कोर्टात भांडायचे. आज श्रीरामपूरला तारीख, उद्या एकमेकांच्या रानात काढणी! भांडण बांधावर ठेवायचं, विळा आत न्यायचा. दुपारी चाळीस माणसं पाटाच्या कडेला भाकरी खायची. रंगुबाईच्या ओव्या पार गावठाणात ऐकू यायच्या.

सावडीला बोलावणं लागत नाही, आणि आलेल्याला कुणी हाकलत नाही. घरात विळा आहे, का तोही प्लॉटबरोबर विकला?

आईला आशीर्वाद सांग. माया आहे म्हणूनच रागावते.
तुझी आत्या

बेलापूर, १३ एप्रिल

ती. आत्यास सा. न.

विळा सापडला, माळ्यावर. दिवस उगवायला भाऊसाहेबांच्या बांधावर उभा राहिलो. हर्षल म्हणाला, इथं काय काम? मी म्हणालो, सावड. भाऊसाहेबांनी माझ्या हातातला विळा बघितला. मग म्हणाले, सरी धर.

माझं बघून दुपारपर्यंत गल्लीतली अकरा माणसं आली. रंगुबाईला आता दिसत नाही, तरी नातवाच्या गाडीवर बसून आली आणि बांधावरून गायली. हर्षलनं पाण्याचा जार माझ्याकडं सरकवला. मीही मान खाली घालून म्हणालो, चुकलो. दोन दिवसांत एक एकर कांदा काढून झाकला.

मग त्यांच्या अंगणात भाऊसाहेब म्हणाले, सावड फेडली पाहिजे, पण तुमचं रान कुठंय? तेवढ्यात घरातून रोहिणीच म्हणाली, की याचे डिग्रीचे विषय राहिलेत, ते रानच समजा. दोन दिवस अभ्यास मी घेईन. ओट्यावर, हर्षलसमोर.

आत्या, शिर्डी रद्द. सावड दिवसाला दिवस असते ना? त्यांचा अजून तीन एकर कांदा जमिनीत आहे. आता टोळी यायला तयार झालीय, पण मी तिला येऊ नका म्हणून सांगून आलोय.

आशीर्वाद असू दे, विषय चार आहेत.
तुझा, गोरक्ष