शेवंड खायला कुठे जायचं

गुरुवार, ता. ११

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र परवाच मिळालं. गुडघा दुखतोय तर दिवसातून दहादा जिना चढू नकोस, धाकटीचं एवढं तरी ऐक. इकडे सगळे बरे आहेत.

यांनी शनिवारी शेवंड खायला जायचं काढलंय. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाचं जेवण सहा महिन्यांपूर्वी राहून गेलं, ते. मला म्हणाले, "हॉटेल तू ठरव." तेव्हापासून कामावरून सुटले की मी हॉटेलं पालथी घालतेय. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तशी मी टेबलं बघतेय.

पहिल्या ठिकाणी पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ आणि पाठीशी हात बांधून उभा वेटर. त्याच्या नजरेसमोर यांचा उजवा हात खिशातून बाहेर यायचा नाही. दुसरीकडे प्रत्येकाच्या गळ्यात फडकं बांधतात, हातात हातोडी आणि चिमटा देतात, आणि जो आधी कवच फोडेल त्याच्यासाठी घंटा वाजवतात. तिथून मी दारातूनच परत फिरले.

तिसरं बसथांब्याच्या मागे आहे. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर साधा कागद. मालकीणबाई स्वतःच रांधते. तिला विचारलं, "शेवंड आतूनच सोलून द्याल का?"

"का हो, दातांचा त्रास आहे का कुणाला?"

"बोटं नाहीत. मिस्टरांची. उजव्या हाताची तीन."

तिने हात पुसले. म्हणाली, "कोपऱ्यातलं टेबल ठेवते." मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

'सगळे बरे' हे मी सवयीने लिहिते, ताई. हे अजून ओट्याशी उभं राहून, माझ्याकडे पाठ करून जेवतात. कारखान्यात मालकाने त्यांना माल मोजायला बसवलंय. ज्यांनी कपाटं केली ते आता कपाटांना नंबर चिकटवतात.

आणि तू दर पत्रात विचारतेस, लाकडात खिळा राहिला होता तर त्या वखारवाल्याला सोडलंत कसं? खिळा नव्हता. खिळ्याची गोष्ट यांनी रचली आणि मी गप्प बसले.

करवतीचं मशीन चालू असताना हे फोन घेत नाहीत. अगदीच जिवावर बेतलं तर मी दोन रिंगा देऊन फोन बंद करायचा आणि लगेच पुन्हा लावायचा, असं आमचं ठरलेलं. पंधरा वर्षांत मी ते एकदाच केलं होतं, सासूबाई न्हाणीत पडल्या तेव्हा. त्या दिवशी दुसऱ्यांदा केलं. कशासाठी? वाढदिवसाच्या जेवणासाठी त्या पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्याकडे खिडकीजवळचं एकच टेबल उरलं होतं, आणि घेऊ का नको ते मला लगेच हवं होतं. मशीन बंद करायलाही हे थांबले नाहीत. फोनकडे वळले, आणि हात तिथेच राहिला.

काय काम होतं, हे यांनी आजवर विचारलेलं नाही. मला या गप्पपणाची भीती वाटते. शनिवारी मी आपण होऊन सांगणार आहे. मग त्यांनी मला ठेवावं की टाकावं, ते त्यांनी बघावं.

तुझी,
धाकटी

रविवार, ता. १४

प्रिय ताई,

आधीचं पत्र तुला मिळालं नसेल, तोवर हे दुसरं.

काल गेलो. बाईने शेवंड सोलून, मांसाचे नीट तुकडे करून आणली. यांनी ताटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "तू सांगून ठेवलं होतंस." रागावले नाहीत. उजवा हात काढून टेबलावर ठेवला आणि डाव्याने खाऊ लागले. सहा महिन्यांनी आम्ही समोरासमोर बसून जेवत होतो. चव विचारू नकोस, माझं लक्ष ताटलीत नव्हतं.

मी म्हटलं, "अहो, त्या दिवशी मी फोन का केला, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत."

"विचारायचं काय त्यात? मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझ्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी. चांगला आला म्हणून तुला राहवलं नाही. मी स्वतःला तेच सांगतो. चांगल्या बातमीपायी बोटं गेली, तर गेली."

ताई, इथे मी गप्प बसू शकले असते. रिपोर्ट संध्याकाळी आला, हे तुला नि मला ठाऊक. त्यांना काय, ते तेव्हा भुलीत होते. एवढं एक खोटं पाळलं असतं तर माणूस उरलेला जन्म त्यावर काढणार होता. पण हा हात टेबलावर असा उघडा पडलेला, आणि मी तोंड मिटून बसायचं? नाही जमलं. मी सांगितलं. टेबलासाठी फोन केला म्हणून सांगितलं.

त्यांनी उरलेले दोन तुकडे शांतपणे खाल्ले. बाईला म्हणाले, "छान झालंय." परतताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण ते खिडकीबाहेर बघत होते. एकच शब्द बोलले, "टेबलासाठी." मला विचारलं नाही, स्वतःशीच म्हटलं.

लग्न झाल्यापासून सकाळचा चहा तेच करतात, अगदी भांडणाच्या दिवशीही. बोटं गेल्यावरसुद्धा डाव्या हाताने करायचे, अर्धा सांडून. आज मी उठून आत गेले तर ओट्यावर एकच कप होता, त्यांचा, धुऊन उपडा घातलेला.

मी खरं सांगितलं ते त्यांच्यासाठी की माझ्या जिवाला हलकं वाटावं म्हणून, हे माझं मलाच कळत नाही. तू मोठी आहेस. समजूत घालू नकोस. मी चुकले असेन तर तसं स्पष्ट लिही.

त्यांच्या हातच्या चहाची वाट बघत बसलेली,
तुझी धाकटी