सील न फोडलेली डबी

१ डिसेंबर १९९६, रविवार. भवानीनगर.
आजपासून रोज डायरी. माणसाने निदान स्वतःशी तरी खरं बोलावं.
सकाळी साडू जोत्या आणि त्याची बायको, म्हणजे माझी धाकटी मेव्हणी नकोशी, येऊन गेले. मेंढरांमागे हिंडणारा माणूस, पण आला मोटरसायकलवर. जाताना खिशातून एक डबी काढली आणि सिंधूच्या हातात दिली. तोंडाला लावायची क्रीम, खास पुण्याहून. माझ्या बायकोला, माझ्या देखत, माझ्याच उंबऱ्यात! वर काहीतरी पुटपुटला. सिंधू माझ्याकडे बघून हसली.
मला काही वाटलं नाही. दुपारी जेवलो नाही ते पोट जड होतं म्हणून.
जोत्या आधी सिंधूला बघायला आला होता, ही गोष्ट अकरा वर्षांत मी एकदाही मनात आणलेली नाही. सासरे म्हस्कूतात्या तेव्हा म्हणाले होते म्हणे, थोरली नोकरीवाल्यालाच द्यायची. नोकरीवाला म्हणजे मी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर क्लार्क, पर्मनंट. धाकटी मात्र पुढे त्यालाच दिली. का, ते तात्यांनाच ठाऊक.

२ डिसेंबर
डबी सिंधूने कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आहे.

५ डिसेंबर
सहज बघितलं. डबीचं सील फोडलेलं नाही.

७ डिसेंबर
अजून फोडलेलं नाही. म्हणजे वापरायची नाही, जपायची आहे. आठवण! अंगाचा तिळपापड झाला. काट्यावर एका ट्रॅक्टरचं वजन दोनदा लिहिलं.

८ डिसेंबर, रविवार
सापडलं! पेपरच्या रविवारच्या पुरवणीत मोठा लेख आहे. परदेशात क्रीम बाजारात आणायच्या आधी सशांच्या डोळ्यांत घालून बघतात. बिचारे ससे. माझं मन फार हळवं आहे, हे आजच लक्षात आलं.
संकल्प: या घरात मुक्या जिवांना छळून केलेली क्रीम राहणार नाही. पर्यावरणाला बाधा आणणारी तर नाहीच.
संध्याकाळी सिंधूला लेख मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, अवो पण डबीवर कुठं ससा हाय? मी म्हणालो, डबीवर कशाला छापतील? मग तिने विचारलं, परवाच्या सागुतीला मुका जीव नव्हता व्हय? विषयांतर करायची तिला सवय आहे.

१० डिसेंबर
कंपनीला रजिस्टर पोस्टाने इंग्रजी पत्र धाडलं. चार प्रश्न विचारले. प्राण्यांवर टेस्ट करता का? आत प्राण्याचं काय काय असतं? ते कसं मिळवता? डबीच्या प्लॅस्टिकचं पुढे काय होतं? दर प्रश्नाखाली दोन रेघा मारल्या. उत्तर द्यायची त्यांची छाती नाही.
यात जोत्याचा काही संबंध नाही. हे तत्त्वाचं काम आहे.

२२ डिसेंबर, रविवार
नुसती टीका करणारा मी नव्हे. स्वतः क्रीम बनवली. बांधावरची कोरफड, घरची हळद, साय, लिंबाचा पाला. प्लॅस्टिक नको म्हणून लोणच्याच्या बरणीत भरली. सिंधूला म्हणालो, लाव. तिने झाकण उघडलं आणि लगेच परत बसवलं. म्हणाली, लोणच्याचा वास येतोय, आदी तुमी लावा.
जोत्याची डबी हसून घेते, नवऱ्याची बरणी नको. असू दे.

२९ डिसेंबर, रविवार. अंथुर्णे.
आईकडे आलो. आई अजून चार मेंढरं ठेवून आहे. कॉलनीत मी हे कुणाला सांगत नाही.
तिच्या म्हाताऱ्या मेंढीच्या कानामागे थोडी क्रीम लावून बघितली. याला टेस्ट म्हणता येणार नाही. टेस्ट वेगळी, काळजी वेगळी. शेजारच्या मेंढीने ती सगळी चाटून टाकली, म्हणजे चवीलाही शुद्ध आहे.
आईने बघितलं. म्हणाली, संभ्या, तुला याड लागलंय का रं? मुक्या जिवाला कशापायी तरास? तिला प्राणिप्रेमाचा लेख वाचून दाखवला. ती म्हणाली, तेच मी बी म्हन्ती.

१४ जानेवारी १९९७, संक्रांत
जोत्या तिळगूळ घेऊन आला. सिंधू नकोशीला म्हणाली, जोतीरावांचं हात बघ कसं मऊ हाईत, न्हाईतर आमच्यात बघ, निसती खरवड. माझ्यासमोर! जोत्या म्हणाला, पावनं, म्या काय बी लावत न्हाय, मेंढरं कातरली की लोकरीचा चिकटा हाताला लागतो, त्यानं हात मऊ ऱ्हात्यात.
नाकाने कांदे सोलतो मेला. मी जळत नाही. मला फक्त त्याचे हात आवडत नाहीत.
सोळा फेब्रुवारीला मेव्हण्याचं, दादासाहेबाचं लग्न आहे, बारामतीला. मांडवात दोन्ही जावयांना मानाचे फेटे बांधून शेजारी बसवतात, फोटो काढतात. सिंधू आमच्या दोघांकडे एकदम बघणार. त्या दिवशी तिच्या मनात यायला नको की थोरलीला चुकीचा मिळाला. मला एवढंच हवं आहे. दुसरं काही नको.

२७ जानेवारी
कंपनीचं उत्तर आलं. छापील नाही, हाताने सही केलेलं. प्राण्यांवर टेस्ट करत नाहीत. आत मेंढीच्या लोकरीतला चिकट अंश असतो, लोकर धुऊन काढलेला. मेंढी मारत नाहीत, फक्त कातरतात. रिकामी डबी दुकानात परत घेतात. चौकशीबद्दल आभार.
हे पत्र सिंधूला दाखवायची घाई नाही. अजून खोलात जायला हवं. कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

१ फेब्रुवारी
थंडीने तडकलेल्या गालांना माझी बरणीतली क्रीम रोज लावतो. गाल पिवळे झाले. काट्यावर गाडीवाल्यांनी विचारलं, क्लार्कसायेब, कावीळ का? सर्जेराव मुकादम तर उसाचा रस प्या म्हणाला. अडाणी.

१५ फेब्रुवारी, शनिवार. बारामती, संध्याकाळी ६
लग्नघरी आलो. जोत्याचा चेहरा ताजा. माझे गाल उललेले ते उललेलेच. माझ्या क्रीममध्ये जोर कमी पडतोय.
आई टाचेच्या भेगांना बिब्बा लावते आणि टाच सांधते. टाच सांधते तर गाल का नाही? शिवाय बिब्बा झाडावरचा. मशीन नाही, ससा नाही, प्लॅस्टिक नाही. निसर्गातलं माणसाला बाधत नाही. बिब्ब्याच्या तेलाचे दोनच थेंब माझ्या क्रीममध्ये मिसळले.
कुणावर टेस्ट केली नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. सरळ तोंडाला लावली.

६.४०
चुरचुरतंय. काम सुरू झालं.

७.१५
फार जोरात काम चाललंय.

१६ फेब्रुवारी, रविवार
बिब्बा उतला. डावा डोळा उघडत नाही. गाल कुठे संपतो आणि कान कुठे सुरू होतो ते कळत नाही. आई ओरडली, आरं बिब्बा कुनी तोंडाला लावतं व्हय रं मुडद्या! सगळ्या वऱ्हाडाला ऐकू गेलं.
फेटा डोक्यावर बसेना. जोत्या म्हणाला, पावनं, फेटं ऱ्हाऊ द्या, आदी दवाखाना. मला मोटरसायकलवर मागे बसवलं. दवाखान्यात गर्दी. परत आलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. जावयांचा फोटो झालाच नाही, त्याचाही नाही. फेटा हातात धरून तो तासभर माझ्याशेजारी दवाखान्यातल्या बाकावर बसला होता.
उपकार दाखवायला आला असणार. पण तसं काही बोलला नाही.

२० फेब्रुवारी
सूज उतरली. कातडी निघतेय. डॉक्टरांनी साधी क्रीम लावायला सांगितलं आहे.
सिंधूने करंड्याशेजारची डबी आणली. माझ्यासमोर सील फोडलं. कोट धुवायला काढला तेव्हा सापडलेलं कंपनीचं पत्रही पुढे ठेवलं. मी गाल पुढे केला.
ती माझ्या गालाला क्रीम लावत बोलत होती. डबी तुमच्याचपायी मागवली हुती. काट्यावरच्या धुळीनं दर थंडीला गाल उलत्यात, म्हणून मीच जोतीरावांना सांगितलं. मागाल तवा देईन म्हणलं. तुमी मागायचं सोडून ससं काढलं.
लग्नाहून आई आमच्याकडेच आली आहे. ती वास घेऊन म्हणाली, ह्यो तर आपल्याच मेंढरांचा वास हाय. कातरलं की मेंढरू हलकं हुतंय, उड्या मारतंय. ह्यात कसलं पाप?
आई बाहेर गेल्यावर मी सिंधूला शेवटी विचारलं. जोत्याला तात्यांनी नोकरी नाही म्हणून नाकारलं, त्याचं तुला वाईट वाटतं का? ती म्हणाली, तात्यांनी कुठं? त्यांना जोतीराव पसंत हुतं. मीच न्हाय म्हणलं. तुमचा फोटू बघितला हुता मी आदीच.
अकरा वर्षं! मी विचारलं, मग माझ्यात काय बघितलंस?
तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, आता आठवत न्हाय.

९ मार्च, रविवार
डबी संपली. गाल बरे आहेत. रिकामी डबी दुकानात परत द्यायला ठेवली आहे. कार्ड लिहिलं: ती. जोतीराव यांस, सा. न. वि. वि., पुण्याला जाल तेव्हा तसलीच एक डबी आणावी.
पुन्हा वाचताना लक्षात आलं, तो माझ्यापेक्षा धाकटा आहे. ‘ती.’ खोडलं असतं तर कार्ड खराब दिसलं असतं. तसंच टपालपेटीत टाकलं.