आधी उघडायची बॅग

४ फेब्रुवारी, मंगळवार

बॅग मी भरायची नाही म्हणे! कपाटावरची निळी बॅग काढायला स्टुलावर फक्त एक पाय ठेवला, तर नवरा स्वयंपाकघरातून ओरडत आला, "उतर आधी!" जशी काही मी गच्चीच्या कठड्यावर चढले होते. मग बॅग खाली काढली, झटकली, वास घेऊन पाहिला आणि म्हणाला, "बॅग भरणं हे माझं काम. अख्खी घरं बांधतो मी. एक बॅग नाही बांधता येणार?"

तो घरसामान हलवणाऱ्या कंपनीत आहे. लोकांची घरं खोक्यांत भरतो आणि दुसरीकडे नेऊन उतरवतो. फ्रिज एकटा पाठीवर घेऊन जिना चढतो म्हणून बरोबरचे लोक त्याला क्रेन म्हणतात. आता मीही म्हणते.

त्यांच्या धंद्यात एक पद्धत आहे. प्रत्येक घराचा एक खोका ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढतो आणि सगळ्यात आधी उतरतो. त्यात चादर, बल्ब, साबण, चहाचं पातेलं — पोचल्या पोचल्या लागणाऱ्या गोष्टी. वर जाड मार्करने लिहायचं, 'आधी उघडा'. "बाकीचे खोके लोक महिना महिना उघडत नाहीत," म्हणाला, "पण तो एक नीट भरलेला असला ना, की परकी जागासुद्धा संध्याकाळपर्यंत आपली वाटायला लागते. तुझी बॅग म्हणजे तोच खोका."

माणूस बोलतो कमी. पण कधीतरी असं बोलतो की लग्न केल्याचं सार्थक वाटतं.

६ फेब्रुवारी

तपासणी. सगळं ठीक. बाळाचं डोकं खाली आलंय — आईपेक्षा शहाणं निघालं.

निघताना सिस्टर म्हणाल्या, "बाळंतपणाच्या खोलीत एकच माणूस सोडतो आम्ही. कोण ते घरी ठरवून या. ऐनवेळी दारात भांडणं नकोत."

सासूबाई लगेच, "त्यात ठरवायचं काय? मी आहे ना!"

क्रेन एक पाऊल पुढे आला. मग भिंतीवरचा तक्ता वाचत उभा राहिला. तक्ता स्तनपानाचा होता.

त्याला कुणी विचारलंच नाही. कसं विचारणार? पहिल्या तपासणीला माझं रक्त काढत होते आणि क्रेन कोसळली! सुई माझ्या हातात आणि आडवा हा — जाताना सलाईनचा स्टँडही बरोबर घेऊन. सगळ्या सिस्टर त्याच्याभोवती, मी एकटी कोपऱ्यात कापूस दाबून बसलेय. सासूबाईंनी ही गोष्ट गल्लीभर सांगितली, हातवाऱ्यांसकट. मीही सांगितली. खोटं कशाला बोलू, ऑफिसात फार हशा पिकतो त्या गोष्टीवर.

७ फेब्रुवारी

कंबर! बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज बॅग भरली. म्हणजे त्याने भरली, मी पलंगावर लोडाला टेकून राणीसारखी बघत होते.

काय ती शिस्त! टॉवेल गुंडाळून कडेला, म्हणजे बॅग आपटली तरी धक्का लागत नाही. पुढून बटणांचे दोन गाऊन. तेलाच्या बाटलीच्या झाकणाला तीन वेढे चिकटपट्टी. चपला वर्तमानपत्रात. चार्जर डब्यात. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांचं खाली रस्त्यावर शिवणाचं दुकान आहे, पण दर अर्ध्या तासाने काहीतरी निमित्त काढून वर येतात. म्हणाल्या, "अरे, काचेचं दुकान हलवतोयस का? मी तुझ्या वेळी एक कापडी पिशवी घेऊन गेले होते. त्यातही निम्मी पिशवी तुझ्या वडिलांचाच डबा!"

"म्हणूनच मी असा निघालो," तो म्हणाला.

मग त्या खाली गेल्या आणि हात पाठीमागे लपवून परत आल्या. जुन्या मऊ चादरींची दुपटी शिवली होती. कडा इतक्या बारीक दुमडलेल्या की बोट फिरवलं तरी टाका लागत नाही. "घाल त्यात. दिसायला साधीच आहेत," म्हणाल्या आणि उत्तर न ऐकताच जिना उतरल्या.

एवढाल्या हातांनी तो टोपडी घडी करत होता. एक टोपडं त्याच्या अंगठ्यावर बसलं. आम्ही दोघं त्या अंगठ्याकडे बघत बसलो. मला रडू आलं. हल्ली मला कशानेही येतं.

शेवटी मार्करने लिहिलं — 'आधी उघडा'. बॅगेवरच! एवढी चांगली बॅग होती.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी क्रेन मला घ्यायला ऑफिसात आला आणि तेवढ्यात फोन वाजला.

मी लिफ्टच्या कंपनीत फोनवर असते. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की आतलं बटण दाबतं आणि घंटी माझ्याकडे वाजते. आज एक बाई अडकल्या होत्या. एकट्या, अंधारात, हातात भाजीच्या पिशव्या. श्वास लागला होता त्यांना. मी नेहमीचंच सुरू केलं. "ताई, मी लाईनवरच आहे. चक्कर येतेय? मग उभं राहायचंच नाही. खाली बसून घ्या. पाठ टेका. डोळे मिटा. हां. आता पिशवीत काय काय आणलंय ते सांगा बघू."

दोडकी होती. मग दोडक्यांवर बोललो. मग त्यांच्या जावयावर. आमचा मेकॅनिक पोचेपर्यंत जावयाची पार सालं काढून झाली होती.

क्रेन बाकावर बसून सगळं ऐकत होता. घरी येताना म्हणाला, "तू केलं तर काहीच नाहीस."

"मग? दार उघडणं माझ्या हातात नसतं. सोबत राहणं असतं."



१४ फेब्रुवारी

त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी! "काय लागलं?" तर म्हणे, कपाटाचा कोपरा. कपाटाचे कोपरे इतके नेमके कधीपासून लागायला लागले?

त्यांचा मुकादम संध्याकाळी खुर्ची दुरुस्त करून द्यायला आला होता, त्याच्याकडून कळलं. रक्तदानाच्या गाडीत गेला होता. सवय व्हावी म्हणून! आणि पडला. तिथल्या डॉक्टरने चिकटपट्टी लावली ती निव्वळ दया म्हणून — सुई टोचलीच नव्हती.

मी पोट धरून हसले. पोट धरावंच लागतं आता. सासूबाई तर शिवणाचं मशीन थांबवून हसल्या.

तो हसला नाही. जेवण झाल्यावर भांडी पुसता पुसता हळूच म्हणाला, "मी रोज काय करतो? लोकांचं सामान जिवापाड जपून नेतो, दारात उतरवतो आणि परत फिरतो. आतलं मी कधी बघत नाही. तुझ्या वेळीही तेच करायचं. बॅग दारात ठेवायची आणि बाकावर बसायचं."

हातातली ताटली पुसून झाली होती, तरी तो पुसत होता.

फार वाईट वाटलं. तो आत यावा असं मलाही वाटतं. दुसऱ्या कुणाहीपेक्षा तोच. पण मला भीतीही वाटते. तो पडला तर सगळ्या पुन्हा त्याच्याभोवती, आणि मी पुन्हा एकटी कोपऱ्यात. कापसावर भागायचं नाही या वेळी.

१६ फेब्रुवारी, रविवार

आईचा फोन. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, येणं शक्य नाही म्हणून फोनवरून राज्य करते. "जावईबापूंना बाहेरच ठेव. सासूबाईंना आत घे. त्या पोलादी आहेत."

आहेतच. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली तर आधी शिवण पूर्ण केली आणि मग डॉक्टरकडे गेल्या. गिऱ्हाईक समोर उभं होतं म्हणे.

आणि आज बघते तर त्यांच्या खोलीच्या दारावर नवा झगा टांगलेला. करडा. स्वतः शिवलेला. मोठ्या खिशांचा. "त्या दिवसासाठी," म्हणाल्या. "खिशात रुमाल राहतील, तुझा कंगवा राहील. धावपळीत शोधाशोध नको." झग्याला इस्त्री करून झाली होती. त्यावर वरून प्लास्टिकची पिशवीही घातली होती, धूळ बसू नये म्हणून.

आता या बाईला 'नको' कोण म्हणणार? मी तर नाही.

१९ फेब्रुवारी

सांगून टाकलं त्याला. सासूबाईच आत येतील.

"बरं," म्हणाला. एवढंच. मग अख्खी बॅग पलंगावर उपडी करून पुन्हा पहिल्यापासून भरली. मी गाऊन हातात देत होते, तो घेत होता. बाहेरच्या कप्प्यात फळांच्या रसाचा डबा आणि खारी बिस्किटं घातली.

"हे कुणासाठी?"

"बाहेर जो पडेल त्याच्यासाठी."

मग दोघांनाही हसू फुटलं. बराच वेळ हसलो. पण त्याने बॅगेची चेन ओढली आणि मला उगाचच दार लागल्यासारखं वाटलं.

२२ फेब्रुवारी

ऑफिसचा शेवटचा दिवस. सगळ्यांनी मिळून बाळासाठी पांढरं स्वेटर दिलं. साहेब म्हणाले, "अडकलीस तर फोन कर." हा विनोद गेल्या महिन्यापासून राखून ठेवला होता त्यांनी, चेहऱ्यावरच दिसत होतं!

२५ फेब्रुवारी

फुसका बार!

दुपारी कळा आल्या. त्याने बॅग खांद्यावर टाकली. सासूबाईंनी दुकानाचं शटर ओढलं, गिऱ्हाईकाला अर्ध्या मापावर सोडून, आणि करडा झगा घालून आमच्याआधी रिक्षात बसल्या. तिथे पोचलो तर कळा गायब. डॉक्टर म्हणाल्या, "अजून वेळ आहे. घरी जा, आराम करा."

कागद मिळेपर्यंत बाकावर बसलो होतो. आतून कुणीतरी ओरडली. काय ती किंकाळी! बघते तर सासूबाईंनी बाकाची कड घट्ट धरलेली.

"काही होतंय का, आई?"

"छे! जेवण राहिलंय, त्याने पित्त झालंय." क्रेनने मुकाट्याने बाहेरच्या कप्प्यातलं एक बिस्कीट काढून त्यांना दिलं. त्यांनीही मुकाट्याने खाल्लं. मग म्हणाल्या, "माझ्या वेळी मी काही बघितलंच नव्हतं गं. डोळे मिटून पडले होते. एकदम हा हातात दिला."

घरी आल्यावर त्याने बिस्किटाचा नवा पुडा घातला. झगा पुन्हा पिशवीत. सगळं जिथल्या तिथे. मी खिडकीत बसून पाय वर करून आंबट संत्रं खाल्लं. दोघंही खाली रस्त्यावर उभे राहून, रिक्षा कुठल्या रस्त्याने न्यायला हवी होती यावर वाद घालत होते. छान वाटलं. अशा लोकांत हे बाळ येणार आहे, त्याची काही काळजी नाही मला.

२७ फेब्रुवारी

पाणी गेलं. या वेळी खरं. सासूबाई झग्याची बटणं लावतायत, एक चुकलंय. तो बॅग घेऊन दारात उभा आहे आणि विचारतोय, "वहीत काय लिहितेस आता? चल!"

१ मार्च

मुलगी!!

सासूबाई आत आल्या, पहिलं रक्त पाहिलं आणि सरळ आडव्या झाल्या — करड्या झग्यासकट. दोन सिस्टरनी मिळून त्यांना बाहेर नेलं. सिस्टर दारातून ओरडल्या, "दुसरं कोण आहे?"

तो आला. पांढराफटक. पडायची वाटच पाहिली नाही, आल्या आल्या खाली बसला. खाटेला पाठ टेकली, डोळे मिटले आणि हात तेवढा वर केला. मी तो धरला. लेक येईपर्यंत खालून आवाज येत राहिला, "ताई, मी लाईनवरच आहे."

फळांचा रस सासूबाई प्यायल्या. बॅग दारातच राहिली.