सात नंबरचं वजन आठ नंबरवर

सोम. ३ फेब्रु.
सकाळीच डायलिसिस सेंटरमधून फोन. आमच्या अ‍ॅपचा स्क्रीन अडखळतो म्हणे. ऑफिसातले देशपांडे सर म्हणाले, "सविता, तू बनवलंयस, तूच जाऊन बघ." गेले. बारा खुर्च्या, बारा मशीन, सिस्टरच्या हातात तो जुना टॅब. प्रत्येक पेशंटचं एक कार्ड: नाव, वजन, बीपी, किती वेळ उरला. ज्याचा वेळ आधी संपणार त्याचं कार्ड आपोआप वर सरकतं. ही कल्पना माझीच. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली होती.
शाहीन सिस्टरनं दाखवलं. "देखो मॅडम, मैं इसपे दबाती, वो नीचेवाला खुलता." दोनदा तसंच झालं. तिसऱ्यांदा नीट चाललं. मी म्हटलं, टॅब जुना झालाय.
"हौ, टॅब तो पुरानाच है," म्हणाली आणि कामाला लागली.
टॅब जुना आहे हे खरं. कारण ते नाही, हे मला तिथंच कळलं होतं.

मंगळ. ४
ऑफिसात मोजून पाहिलं. एका मशीनचं एक रीडिंग आलं की बाराही कार्डं नव्यानं काढली जातात. मशीनं बारा, रीडिंग दर पाच सेकंदाला. म्हणजे टॅब दिवसभर पुसतोय नि काढतोय. बोट लागलेलं त्याला उशिरा कळतं, तोवर कार्डं सरकलेली. माझ्या लॅपटॉपवर यातलं काहीच दिसत नाही.
दिवाळीआधी घाई होती. सगळी माहिती मी एकाच सामायिक डब्यात टाकली. नावं, रीडिंग, क्रम, कोणतं कार्ड उघडंय, सगळं. डब्यात कुठंही काही हललं की त्यात हात घातलेला प्रत्येक भाग पुन्हा रेंडर होतो, म्हणजे स्क्रीनवर नव्यानं काढला जातो, त्याचा संबंध असो नसो. कोडमध्ये माझीच ओळ: 'हे नंतर वेगळं करायचं.'
सरांना सांगितलं. "आधी रिपोर्टचं पान. शुक्रवारी क्लायंटला दाखवायचंय."
बरं म्हटलं. जोर लावला नाही.

बुध. ५
रिपोर्टचं पान. रंग दोनदा बदलले.

शुक्र. ७
अकरा वाजता सेंटरचा फोन. आवाज ओळखू आला नाही. आठ नंबरच्या खुर्चीवरचे गुरुजी बेशुद्ध.
गुरुजी म्हणजे वैजापूरचे, शाळेतून रिटायर झालेले. आठवड्यातून तीनदा येतात, सोबत मुलगा. मी टॅब तपासायला जायचे तेव्हा विचारायचे, "काय बाई, आज आमचं वजन काय म्हणतंय?"
पेशंट आला की वजन घेतात. किती पाणी काढायचं ते त्यावरून स्क्रीन सांगतो. शाहीन सिस्टरनं सात नंबरच्या बाईंचं वजन टाकलं, ते गुरुजींच्या कार्डावर बसलं. सातचा रकाना रिकामाच दिसला, म्हणून तिनं तिथं पुन्हा टाकलं. गुरुजींचं खरं वजन पुसलं गेलं, दोन किलो जास्त लागलं. अंगातून दोन लिटर पाणी जास्त काढलं. बीपी खाली खाली. आयसीयूत नेलंय.
रिपोर्टचं पान सरांनी दाखवलं. आवडलं म्हणे.

शनि. ८
सरांबरोबर सेंटरला गेले. शाहीन सिस्टर नव्हती. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. चौकशीच्या कागदावर 'मानवी चूक' लिहिलेलं मी पाहिलं.
सर गाडीत म्हणाले, "बरं झालं, सॉफ्टवेअरचा विषयच निघाला नाही."
येताना एक जुना टॅब मागून आणला. बारा खोटे पेशंट लावले नि वजन टाकत बसले. सहा वेळा बरोबर. सातव्या वेळी सातचं वजन आठवर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत.
आईचा फोन, गावाकडून, कन्नडहून. आवाजावरून ओळखलं तिनं. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला आधी म्हाईत व्हतं का?" 
मी म्हटलं, नंतर बोलते.

सोम. १०
दुरुस्त केलं.
आधी नुसतं प्रत्येक कार्डाला सांगून पाहिलं, की तुला दिलेलं बदललं नसेल तर पुन्हा रेंडर होऊ नको. काही उपयोग नाही. कार्डं स्वतःच त्या मोठ्या डब्यातून ओढून घेत होती. मग डबाच फोडला. रीडिंग वेगळी, क्रम वेगळा, उघडं कार्ड वेगळं. प्रत्येक कार्ड फक्त आपल्याच पेशंटचा तुकडा ऐकतं. तरी दोन कार्डं उगाच हलत होती. त्यांना दर वेळी नवं बनवलेलं फंक्शन, म्हणजे बोट लागल्यावर काय करायचं ती सूचना, जात होतं. ते एकदाच बनवून ठेवलं. आपोआप वर सरकणं काढूनच टाकलं. खुर्चीचा नंबर हाच क्रम.
आता एक रीडिंग, एक कार्ड. जुना टॅबही बोटासरशी उघडतो.
काल दुपारी बसले, आज जेवायच्या सुट्टीआधी संपलं. एवढंच काम होतं.

मंगळ. ११
सरांना सगळं दाखवलं. सातचं आठवर गेलेलंसुद्धा.
म्हणाले, "अपडेट टाक. खाली लिही, किरकोळ सुधारणा."
"सर, त्या सिस्टरवर आलंय सगळं."
"तिनंही नाव वाचायला हवं होतं ना?"
"तिनं त्याआधीच्या सोमवारी मला दाखवलं होतं."
"ते कुठं लिहिलेलं आहे?"
कुठंच नाही. मी अपडेट टाकली. किरकोळ सुधारणा असंच लिहिलं. 

गुरु. १३
छावणी भागात गेले, शाहीन सिस्टरच्या घरी. बाजारामागं, जिना चढून दोन खोल्या. तिची अम्मी दार उघडून आत गेली, मग बाहेर आलीच नाही.
मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. डबा, कार्डं, मंगळवारी मोजलेलं. तिला त्यातलं काही नको होतं. एवढंच विचारलं, "मतलब मेरे हाथ से नहीं हुआ?"
"नहीं हुआ."
"और तुमको पता था."
"हो. तुम्ही दाखवलं तेव्हाच, सोमवारी."
तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. म्हणाली, रोज रात्री तेच आठवत बसते, सातचंच कार्ड दाबलं होतं का. आता तर तिला वाटायला लागलं होतं की नाही, चुकलंच असेल आपलं. "मैं तो मान भी ली थी, मॅडम."
निघताना म्हणाली, "लिखके दोगे?"
देईन म्हटलं. तिनं ठेवलेला चहा तसाच राहिला.

शुक्र. १४
पत्र लिहिलं. दीड पान. सरांना न विचारता सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.
"हे तुम्हाला त्या शुक्रवारच्या आधी माहीत होतं?"
"हो."
"मग एक फोन का नाही केलात? टॅब बाजूला ठेवला असता आम्ही. वहीत लिहिलं असतं. पूर्वी लिहीतच होतो."
मला हे सुचलंच नाही. चार दिवस मी एकच विचार करत होते, की दुरुस्त करायला वेळ कधी मिळेल. फोन एका मिनिटाचा होता.
सिस्टरचं काय, विचारलं. "कमिटीसमोर ठेवतो. सांगता येत नाही."
गुरुजींना बुधवारी घरी सोडलंय. आज त्यांची पाळी होती. आले नाहीत.

शनि. १५
ऑफिसचं लॉगिन चालत नाही. सर फोन उचलत नाहीत.
गुरुजींच्या मुलाला फोन लावला. मी कोण ते सांगितलं, काय झालं तेही. वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "ताई, ते आता बघू. आधी त्यांना मशीनवर बसायला कोणी तयार करा. नाय म्हणजे नायच म्हणतात. पाय लई सुजलेत."
फोन गुरुजींकडं दिला. दम लागत होता.
"गुरुजी, चूक माझी होती. ती आता काढलीय."
"काढली असेल बाई. पण मला तिथं झोप लागायची. मशीन लावलं की मी निवांत झोपायचो. आता डोळा मिटायचं भ्या वाटतं."

सोम. १७
आठपासून सेंटरच्या बाकावर बसलेय. कोणी बोलावलं नाही. शाहीन सिस्टरच्या जागी नवी मुलगी, वहीत लिहिते. टॅब कपाटात. आठ नंबरची खुर्ची धरून ठेवलीय, डॉक्टर म्हणाले, साडेदहापर्यंत. आणखी एक पाळी चुकली तर अवघड आहे.
साडेआठला मुलाचा फोन. गाडी दारात उभी आहे. गुरुजी कपडे करून, चपला घालून ओट्यावर बसलेत. उठत नाहीत. "तुम्ही तिथं आहात का, विचारतात."
आहे म्हटलं. खुर्चीच्या शेजारी बसेन, वजन त्यांच्यासमोर वहीत लिहू, ते झोपले तरी मी जागची उठणार नाही, सांगा त्यांना.
त्यानं तिकडं मोठ्यानं तसंच सांगितलं. उत्तराची वाट बघतेय. फोन चालूच आहे.